ढगसाहेब आणि रश्श्याचं तेल

ज्यांनी अमेरिकन माणूस गाडीत घालून कधी फिरवला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या गल्लीच्या मंडळाचा अंक निघतो. संपादक म्हणाले, तात्या, तुम्ही ट्रकवर अख्खा देश पालथा घातलाय, एक प्रवासवर्णन द्या. मी म्हटलं, ट्रकवाल्याला देश दिसत नाही, पुढच्या गाडीचा मागचा दिवा दिसतो. पण यंदाच्या थंडीत कागल, पन्हाळा आणि शिरोळ एवढं फिरलो, ते लिहिण्यासारखं आहे. शाळा माझी चौथीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी बघावं. मजकुराला मात्र हात लावू नये.

आधी बरणीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमची हौसा दर उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी करायची. पहिली बरणी संदीपची. संदीप आमचा एकुलता पोरगा, अमेरिकेत नोकरीला. शेवटच्या उन्हाळ्यातही तिनं त्याची बरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि कपाटावर ठेवली. मग पावसाळाभर अंथरुणाला खिळली आणि दसऱ्याच्या आत गेली. संदीप आला नाही. दुखण्यात नाही, मातीला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. फोनवर म्हणायचा, "आबा, व्हिसाचं लफडं हाय. बाहेर पडलो तर परत आत घेणार न्हाईत." मी म्हटलं, आई गेली आणि तू मला कागद सांगतोस? त्यानंतर मी त्याचा फोन घेतला नाही. बरणीही कपाटावरून काढली नाही.

मग आमचा मेव्हणा आप्पा निरोप घेऊन आला. आप्पा म्हणजे हौसाचा धाकटा भाऊ, साखर कारखान्यात कारकून होता. आता निवृत्त आहे, पण इंग्रजीतून निवृत्त झालेला नाही.

"दाजी, संदीपच्या हापिसातला एक अमेरिकन कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीमधी येणार हाय. फौंड्रीतला माल बघायला. संदीप म्हंतोय, त्याला जरा फिरवून आणा."

मी तिथल्या तिथं ठरवलं. ह्या माणसाला फिरवायचं आणि एकच गोष्ट विचारायची : माझ्या पोराला येता येत नव्हतं, का यायचंच नव्हतं? येता येत नव्हतं असं निघालं, तर बरणी त्याच्याबरोबर जाणार. यायचं नव्हतं असं निघालं, तर मी तिचं फडकं सोडणार आणि भाकरीबरोबर एकटा संपवणार. बरणी पिशवीत घातली आणि आप्पाच्या जुन्या व्हॅनमध्ये नेऊन ठेवली. हे आप्पाला सांगितलं नाही. आप्पाला सांगितलेलं शिरोळपर्यंत आधी पोचतं, आप्पा मागनं.

कागल

कारखान्याच्या फाटकातून बाहेर आला तो माणूस एवढा उंच की पहारेकऱ्यानं त्याला सलाम केला तो त्याच्या पोटाला लागला. तोंड उन्हानं गाजरासारखं झालेलं. हात पुढं करून म्हणाला, "डग."

आप्पा माझ्याकडं वळून म्हणाला, "दाजी, ह्येंचं नाव ढग."

तेव्हापासून तो ढगच. आप्पा ढगसाहेब म्हणायचा, मी नुसतं ढग.

फाटकासमोरच्या गाड्यावर चहा घ्यायला थांबलो. तिथं पाळी सुटलेली माणसं उभी होती. त्यातला एक फोरमन, माझ्या ओळखीचा, थेट ढगाच्या पुढ्यात आला.

"काय पावणं! आमच्या मालावर कर वाढवलासा की! ओव्हरटाइम बंद झाला न्हवं आमचा! आमी काय तुमच्या म्हशी सोडल्या काय?"

ढगानं आप्पाकडं बघितलं. आप्पा गोड हसून म्हणाला, "ही इज सेइंग, वेलकम टु कागल."

ढगानं फोरमनच्या तोंडाकडं बघितलं. वेलकम म्हणणाऱ्याच्या कपाळाची शीर एवढी फुगत नाही, हे त्याला कळलं असावं. हात जोडून म्हणाला, "सॉरी. व्हेरी सॉरी."

"वेलकमला सॉरी?" मी आप्पाला विचारलं.

"त्येंच्यात तशी रीत असंल, दाजी."

सॉरी एवढं फोरमनलाही कळतं. तो गारच पडला. आमच्याकडं पाय लागला तरी माणूस सॉरी म्हणत नाही, उलट पाय मधी का ठेवलास म्हणतो. त्यानं ढगाला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. नंतर मला गाड्यामागं घेऊन गेला आणि कानाशी लागला, "तात्या, माझ्या भाच्यानं डिप्लोमा केलाय. पावण्यास्नी इचारा की, तिकडं कुठं चिकटतंय काय."

हे मी आमच्या गल्लीतही बघितलंय. ज्यानं अमेरिकेला सगळ्यात जास्त शिव्या घातल्या, त्याचाच भाचा तिकडं जायला सगळ्यात आधी तयार होता.

निघताना ढगाला मागं बसवलं. बरणीची पिशवी हातवारे करून त्याच्या मांडीवर दिली, कारण आप्पा गाडी चालवतो ती खड्डे मोजत चालवतो, चुकवत नाही. मोतीबिंदूपायी डॉक्टरनं माझं स्टेअरिंग काढून घेतलंय, म्हणून हे दिवस. ढगानं पिशवी बाळंतपणातलं पोर धरावं तशी दोन्ही हातांनी धरली. आत काय आहे ते विचारलंही नाही.

रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांनी वाट अडवली होती. एका ट्रॅक्टरवाल्यानं वरून आवाज टाकला, "ओ पावणं! गाडी मागं घ्या की! झोपलासा काय?"

ढग म्हणाला, सगळे मला पावणं का म्हणतात? आप्पा म्हणाला, गेस्ट. ढग विचारात पडला. मग त्यानं खिडकीतून त्या ट्रॅक्टरवाल्याला नमस्कार केला. त्याच्या गावात म्हणे अनोळखी माणसाशी फक्त हवेबद्दल बोलतात. आमच्यात आधी गाव विचारतात, मग रान किती, मग पोरं किती आणि सगळ्यात शेवटी नाव. ट्रॅक्टरवाल्यानं तेवढ्यात त्याला, पोरं किती, हे विचारलंच.

पन्हाळा

घाटात व्हॅन तापली आणि बसली. उतरून ढकलायची वेळ आली. ढगानं पिशवी माझ्याकडं दिली, बाह्या वर केल्या आणि एकट्यानं गाडी वळणापर्यंत नेली. मोटारसायकलवरून आप्पाच्या ओळखीचे दोघं चालले होते, ते बघून थांबले.

"आप्पा, कुठला रं पावणा?"

"अमेरिका."

"आयला! आजपतूर दुसऱ्याला खड्ड्यात ढकलत आलेत. आज वर ढकलाय लागलेत!"

ते दोघं उतरून ढकलायला लागले. एकीकडं ढकलत होते आणि एकीकडं ढगाला त्यांच्या देशानं कुठं कुठं बाँब टाकले ते सांगत होते. आप्पानं भाषांतर केलं, "दे आर सेइंग, नाइस वेदर." ढग म्हणाला, "सॉरी."

वर गडावर वारा असा की टोपी हातात धरून चालावं लागतं. तीन दरवाजा दाखवला, अंधारबाव दाखवली, धान्याची कोठारं दाखवली. तटावर उभं राहून समोरचं रान दाखवलं. हौसाला मी इथं एकदाच आणलं होतं. ती तटावरून खाली बघून म्हणाली होती, एवढ्या वर येऊन खालचंच बघायचं, मग आलो कशाला? ते मला आठवलं आणि मी ढगाला पाठ करून उगीच वाऱ्याला शिव्या घातल्या.

तटाखाली एका बाईचा गाडा होता, झुणका-भाकर आणि दही. चुलीपुढं बसलेली, नऊवारी नेसलेली, जीभ माझ्यापेक्षा धारदार. ढगाच्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "कुठलं म्हणायचं पावणं?"

"अमेरिका."

"व्हय? मग ह्यास्नी एक इचारा. ह्येंचं रान कुठं, आणि भांडायला जात्यात कुठं? आमच्या भावकीत एक हाय असला. सोताचा बांध सोडून सगळ्या गावाचं बांध कोरत हिंडतोय. वर म्हंतोय, तुमच्या भल्यासाठनं कोरलाय. तसल्या माणसाच्या घरी पोरगी तर कोण देईल काय?"

ह्यावेळी मी आप्पाला दम दिला, नीट सांग. आप्पाला घाम फुटला. बांधाला इंग्रजी शब्द नव्हता. शेवटी त्यानं झुणक्यात बोटानं रेघ ओढली आणि ती रेघ बोटानंच थोडी थोडी पलीकडं सरकवली. ढगानं झुणक्याकडं बघितलं. मग मोठ्यानं हसला आणि बाईला म्हणाला, "येस. येस. सॉरी."

"गरीब हाय बिचारा," बाई म्हणाली. "पर इंग्रजच ना शेवटी? वेढ्याच्या टायमाला ह्येंनीच तोफा डागल्या गडावर."

आप्पानं हे सांगितल्यावर मात्र ढग सॉरी म्हणाला नाही. पहिल्यांदाच मान हलवून नाही म्हणाला. ते इंग्रज वेगळे, आम्ही अमेरिकन. आमच्या बापजाद्यांनीही इंग्रजांना हाकलून लावलंय, तुमच्या आधी.

बाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली. "खरं?"

"खरं," आप्पा म्हणाला. "पुस्तकात हाय."

"मग आधी न्हाय का सांगायचं!" असं म्हणून तिनं दह्याचं गाडगं उचलून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तेवढ्या एका गोष्टीवर अमेरिकेचे सगळे बाँब माफ झाले. मला वाटतं त्या देशानं आपले राजदूत पाठवण्यापेक्षा ही गोष्ट सांगणारा एक माणूस पाठवावा.

माझा प्रश्न मात्र पोटातच राहिला. आप्पाच्या तोंडून तो विचारायचा नव्हता. माझ्या पोरानं आईला टाकलं का, ह्याचं भाषांतर आप्पानं हवापाणी म्हणून केलं असतं तर?

शिरोळ

शिरोळ माझी सासुरवाडी. हौसा गेल्यापासून मी तिकडं गेलो नव्हतो. उंबऱ्यावर कुणी हाक मारायची ती मारणार नाही, हे माहीत असताना कशाला जायचं? पण आप्पाची बायको, सुशीलावहिनी, हिनं निरोप धाडला होता की दाजी आले नाहीत तर मटण गल्लीला वाटीन. मटण वाया जाण्यापेक्षा मी गेलो.

भिंतीवर महापुराच्या पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या छातीएवढी. ढगानं तिथं उभं राहून बघितलं, त्याच्या कमरेला लागली. "आमी बुडालो असतो तिथं ह्यो नुस्ता भिजला असता," वहिनी म्हणाल्या.

पाट मांडले. वहिनींनी तांबडा आणि पांढरा दोन्ही केले होते. ढगाच्या पुढं वाटी ठेवली, वर बोटभर लाल तवंग. त्याचं गाजरासारखं तोंड बघून वहिनींना दया आली.

"पावणं आलेत लांबनं, सोसंल न्हवं? रश्श्याचं तेल जास्त झालं असंल तर काढू काय? इचारा की."

आप्पा इंग्रजीत सुरू झाला. "रश्श्या ऑइल. रश्श्या ऑइल टू मच. शी इज आस्किंग, यू वॉन्ट वी स्टॉप?"

ढगाचा घास हातातच राहिला. चेहरा एकदम सभेतल्यासारखा झाला. पाठ ताठ करून त्यानं लांबलचक काहीतरी सांगितलं, छातीला हात लावून.

"काय म्हंतोय?"

आप्पा गोंधळला. "म्हंतोय, तुमी कुठनं बी घ्या. माझं काय म्हणणं न्हाय. सरकारला सांगू नगा म्हणं."

"कुठनं बी घ्या म्हंजे?" वहिनी उलथनं घेऊन उभ्या राहिल्या. "खानावळीतनं आणलंय असं वाटाय लागलंय काय ह्येला? पाटा-वरवंटा दाखवा त्याला! सकाळपास्नं वाटण वाटतीय मी!"

आप्पानं समजूत घालायला म्हणून सांगितलं, "साहेब, इन कोल्हापूर, नो रश्श्या, नो लाइफ. रेड रश्श्या, व्हाइट रश्श्या, बोथ वी लाइक. मॉर्निंग, इव्हनिंग, रश्श्या."

ढग म्हणाला, "सॉरी." आणि वाटी बाजूला सारली.

जेवणावरनं वाटी सारली म्हणजे आमच्यात भांडण झालं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा ढगानं खिशातनं फोन काढला. त्या फोनात बोललेलं मराठीत करून सांगणारी एक बाई होती. आप्पाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण "आय ॲम हिअर" म्हणून त्यानं फोन काढूच दिला नव्हता. ढग फोनात बोलला आणि आतली बाई बोलली, एकदम पुस्तकातल्यासारखी :

"आपण रशियाकडून तेल विकत घेतले तरी माझी काहीही हरकत नाही. मी माझे सरकार नाही."

वहिनींनी आधी दाराकडं बघितलं, मग फोनाकडं.

"ही कोण बया?" वहिनी म्हणाल्या. "आणि रशियाचं काय मधीच?"

सगळ्यात आधी मला कळलं. मी वाटी उचलली, त्याच्या नाकापुढं धरली आणि ओरडलो, "रस्सा! ह्यो! ह्यो रस्सा! ह्येच्यावर तेल!" ढगानं वाटीकडं बघितलं, तवंगाकडं बघितलं, आप्पाकडं बघितलं. "रश्श्या?" "रश्श्या!" मग तो जो हसला, तो हसता हसताच त्यानं वाटी तोंडाला लावली आणि रस्सा नाकात चढला. डोळे बाहेर, ठसका, उचकी. वहिनींनी गुळाचा खडा तोंडात कोंबला, आप्पा पाठ बडवायला लागला. आणि मी हसत होतो. पोट धरून, भिंतीला टेकून. हसता हसता लक्षात आलं की हौसा गेल्यापासून हा आवाज मी ऐकलाच नव्हता. वहिनींनीही ते बघितलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

जेवून आप्पा आडवा झाला. आम्ही दोघं कृष्णेच्या घाटावर गेलो. ढगाच्या हातात पिशवी होतीच. गाडीत ठेव म्हटलं तरी त्यानं ती सोडली नव्हती. ऊन उतरलं होतं, पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यात बसल्या होत्या. मी खुणेनं त्याचा फोन मागितला.

"माझं पोरगं आईला बघाय आलं न्हाय," मी फोनातल्या बाईला म्हटलं.

बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. ढगानं माझ्या डोक्याकडं बघितलं, मग स्वतःच्या केसांतून हात फिरवला आणि बोटांची कात्री करून दाखवली. आमच्या न्हायचं तिनं न्हावी केलं होतं.

परत बोललो, परत कात्री. मग कळलं, ह्या बाईला आमचं बोलणं चालत नाही. तिला शाळेतलं पाहिजे. मी उठून उभा राहिलो, गुरुजींपुढं उभा राहायचो तसा, आणि एकेक शब्द सुटा करून बोललो :

"माझा मुलगा त्याच्या आईच्या शेवटच्या वेळी आला नाही. त्याला येता येत नव्हते, की त्याला यायचे नव्हते?"

आमच्या बोलीत हा प्रश्न मी मनात शंभरदा विचारला होता. त्यात राग घालता येत होता, शिवी घालता येत होती. शुद्ध भाषेत काहीच घालता येईना. नुसता प्रश्नच उरला.

ढगानं ऐकलं. पिशवी मांडीवर नीट घेतली आणि फोनात बोलायला लागला. थांबून थांबून बोलत होता. त्याची हनुवटी हलत होती, आणि बाई मात्र बँकेतल्यासारखी सांगत होती :

"त्याचे कागद सरकारकडे अडकले होते. त्याची पिशवी माझ्या गाडीत होती. मी त्याला विमानतळावर सोडण्यास निघालो होतो. वाटेत वकिलाचा फोन आला. तो देश सोडून गेल्यास त्याला परत येऊ देतील याची खात्री नाही, असे वकील म्हणाले. त्याची पत्नी व लहान मुलगी इकडेच राहिल्या असत्या. तो म्हणाला, तरी मी जाणार. विमानतळ समोर दिसत होते. मी त्याचे ऐकले नाही. मी गाडी वळवली. त्याने वळवली नाही. मी वळवली. मला क्षमा करा."

मी म्हशींकडं बघत बसलो.

कागलात फोरमनला सॉरी, घाटात त्या दोघांना सॉरी, गाड्यावरच्या बाईला सॉरी, वहिनींना सॉरी. मला वाटलं होतं हा माणूस आपल्या सरकारच्या वतीनं माफी मागत हिंडतोय. तो ती माझ्याकडंच मागत होता, आणि मी समोर बसून दही खात होतो.

रागवायला पाहिजे होतं. पण मी जन्मभर स्टेअरिंग धरलंय. पुढं दरड कोसळलीय असं कुणी सांगितलं आणि शेजारी बसलेला जाऊ दे जाऊ दे म्हणून ओरडत असला, तरी गाडी वळवावी लागते. शिव्या मग वळवणाऱ्याला बसतात. त्या मी पुष्कळ खाल्ल्यात.

"ती पिशवी घिऊन जा," मी म्हटलं. "त्येच्या आईनं केल्याली चटणी हाय. संदीपला दे."

बाईनं ह्याचं काय केलं देव जाणे. ढगानं तिच्याकडं लक्षच दिलं नाही. फडक्याच्या गाठीला बोट लावलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याला कळलं.

परत आल्यावर आप्पाला सांगावं लागलं. आप्पा उठून बसला. "चटणी! आणि तिकडं इमानतळावर ह्येच्या सरकारनं धरलं तर?"

"सांगावं, रश्श्यासाठनं हाय."

"नगं, दाजी!" आप्पानं कपाळाला हात लावला. "ढग आतच जाईल मग!"

कोल्हापूर

ढग गेला. गल्लीतले विचारतात, तात्या, अमेरिकन माणूस कसा असतो? मी म्हणतो, उंच असतो, रस्सा नाकातनं बाहेर काढतो आणि दिलेली पिशवी सोडत नाही. त्यांच्या सरकारचं मला विचारू नका. ते मला आधी जेवढं आवडत नव्हतं तेवढंच आताही आवडत नाही, उलट आता कारण नीट माहीत झालंय.

चार दिवसांनी फोन वाजला. संदीपचा नंबर. आप्पा समोर चहा पीत होता, त्यानं नेहमीसारखा घ्यायला हात पुढं केला. मी त्याचा हात बाजूला केला.

"आबा?" संदीप म्हणाला. मीच उचलला, हे त्याला खरं वाटेना. "आबा, बरणी पोचली. विमानतळावर उघडायला लावली म्हणं. तपासणाऱ्या साहेबानं वास घेतला आणि शिंकतच ऱ्हायला. डग म्हणाला, सॉरी."

"खाल्लीस?"

"आता बसलोय. भाकरी न्हाय, पावाबरोबर."

मग तिकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज. बराच वेळ.

"काय झालं रं?"

"तिखट लागलं, आबा."

"व्हय," मी म्हटलं. माझ्या पुढ्यात ताट नव्हतं, चहासुद्धा नव्हता. "मलाबी."